खिडकीतील कावळे

उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस डोंगरातील दाट वनराई, अशा तीन सोबत्यांच्या मध्ये मीरा-भाईंदर हे शहर वसलेले आहे. एके काळी येथे मिठागरे, भातशेते आणि कोळ्यांच्या वस्त्या एवढेच काय ते दिसत असे. पुढे मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकत आली. २००२ साली येथे महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ सालच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक भरली. उंच इमारती उभ्या राहिल्या, रस्ते गजबजले. तरी पाखरांनी हे ठिकाण अजून सोडलेले नाही. मिठागरांच्या बांधांवर पांढरे बगळे ध्यानस्थ बसलेले दिसतात. खाडीच्या चिखलातून लांब तांबड्या पायांचे शेकाटे चालत असतात. विजेच्या तारेवरून खंड्या पाण्यात सूर मारतो. आणि कावळा? तो तर सर्वत्रच असतो. म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहत नाही!

याच शहरातील एका शाळेत एके दिवशी चित्रकलेचा तास चालू होता. बाईंनी फळ्यावर काहीच काढले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “मुलांनो, आज प्रत्येकाने एका पक्ष्याचे चित्र काढावे. पक्षी कोणता, ते तुमचे तुम्हीच ठरवा.”

वर्गात उत्साहाला उधाण आले. रंगांच्या डब्या उघडल्या. घटकाभरात कागदांवर मोर नाचू लागले, पोपट पेरू खाऊ लागले, राजहंस कमळांच्या तळ्यात पोहू लागले. बाई बाकांच्या रांगांतून हिंडत होत्या. खिडकीजवळच्या बाकावर उत्तनहून येणारी एक मुलगी बसली होती. तिच्या कागदावर दोन बांबूंना बांधलेली एक दोरी होती. दोरीवर बोंबील वाळत घातलेले होते आणि त्यांच्या मधोमध एक कावळा मान तिरकी करून बसला होता. एक डोळा बोंबलावर आणि दुसरा डोळा कागदाच्या बाहेर कोणावर तरी रोखलेला!

शेजारच्या मुलाने ते चित्र पाहिले आणि तो मोठ्याने म्हणाला, “अरे, हिने कावळा काढलाय, कावळा!”

सारा वर्ग हसला. कोणी “काव काव” असा आवाजही काढला. मुलीचा चेहरा उतरला. तिने घाईघाईने कागद उलटा केला आणि त्यावर हात ठेवून ती खाली मान घालून बसली.

बाई तिच्याजवळ आल्या. त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला आणि कागद सरळ केला. क्षणभर चित्र न्याहाळून त्यांनी विचारले, “हा कोणाकडे पाहतो आहे ग?”

“माझ्या आजीकडे, बाई,” मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली. “आजी काठी घेऊन बोंबील राखत बसते. हा तिला रोज फसवतो. ती पलीकडे वळली की हा एक बोंबील पळवतो.”

आता पुन्हा हसू उमटले. पण ते पहिल्यासारखे नव्हते.

बाई वर्गाकडे वळून म्हणाल्या, “मुलांनो, राजहंस किती जणांनी प्रत्यक्ष पाहिला आहे?” एकही हात वर झाला नाही. “आणि कावळा?” सगळे हात वर झाले. “बरे तर! आता रंग बाजूला ठेवा. कावळ्यांची चित्रे काढणाऱ्या एका मोठ्या माणसाची हकीकत तुम्हांला सांगते.”

त्या माणसाचे नाव होते आर. के. लक्ष्मण. त्यांचा जन्म म्हैसूर येथे २४ ऑक्टोबर १९२१ रोजी झाला. त्यांचे वडील मुख्याध्यापक होते. सहा भावांत लक्ष्मण सर्वांत धाकटे. पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणून कीर्ती पावलेले आर. के. नारायण हे त्यांचेच वडीलबंधू. नीट वाचता येऊ लागण्यापूर्वीच लक्ष्मण यांना चित्रांचा नाद लागला. घरात ‘स्ट्रँड’, ‘पंच’ यांसारखी त्या काळची लोकप्रिय इंग्रजी मासिके व साप्ताहिके येत. त्यांतील मजकूर या बालकाला कळत नसे, पण चित्रे पाहता पाहता तो तासन् तास रमून जाई. मोठ्या कलामंदिरांतील चित्रांनी नव्हे, तर लोकांच्या हातोहात फिरणाऱ्या नियतकालिकांतील रेखाचित्रांनी त्याच्या हातात पेन्सिल दिली. मग घरातील जमीन, भिंती, दारे यांना उसंत कोठली! जेथे मोकळी जागा दिसे तेथे हा मुलगा चित्र काढी.

शाळेत एकदा गुरुजींनी मुलांना पान काढावयास सांगितले. लक्ष्मण यांनी पिंपळाचे पान काढले. ते पाहून गुरुजींनी त्यांची वाहवा केली. त्या एका शाबासकीने, आपण चित्रकार होऊ शकू, हा विचार त्यांच्या मनात रुजला. पाहा, शिक्षकाच्या दोन शब्दांत केवढे सामर्थ्य असते!

पुढे मॅट्रिकच्या सुमारास त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेकडे अर्ज केला. सोबत आपली चित्रे पाठविली. त्या चित्रांत काय होते? देवदेवता नव्हत्या, राजवाडे नव्हते. आपल्या खोलीच्या खिडकीतून जे दिसे तेच त्यांनी रेखाटत ठेवले होते: वाळलेल्या काटक्या, पाने, सरपटणारे लहान जीव, लाकडे फोडणारा गडी आणि समोरच्या घरांच्या छपरांवर नाना तऱ्हांनी बसलेले कावळे. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी या खिडकीचे मोठ्या जिव्हाळ्याने वर्णन केले आहे.

कलाशाळेचे उत्तर आले. विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळण्याजोगा गुण आपल्या चित्रांत दिसत नाही, असा त्याचा आशय होता. तरुण मनाला तो घाव लागला नसेल काय? पण पेन्सिल खाली ठेवणे त्यांना माहीत नव्हते. म्हैसूर विद्यापीठात शिक्षण घेत असतानाच ते आपल्या बंधूंच्या कथांसाठी चित्रे काढू लागले. ‘कोरवंजी’ या कन्नड विनोदी मासिकासाठीही त्यांनी व्यंगचित्रे काढली. नंतर ते मुंबईस आले. काही काळ ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये काम केल्यावर ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या दैनिकात गेले आणि तेथे त्यांनी पन्नासांहून अधिक वर्षे चित्रे काढली.

१९५१ साली त्यांच्या रोजच्या छोट्या व्यंगचित्रांच्या मालिकेत एक माणूस वाचकांच्या भेटीस येऊ लागला. धोतर, चौकड्यांचा कोट, डोळ्यांवर चष्मा, टक्कल पडलेल्या डोक्यामागे केसांचे झुपके आणि ओठांवर मिशी. हा माणूस कधीच बोलत नसे. मंत्र्यांची सभा असो, रस्त्यातील खड्डा असो, की महागाई असो, तो नुसता उभा राहून पाहत असे. लोक त्याला ‘कॉमन मॅन’, म्हणजे सामान्य माणूस, म्हणू लागले. १९८८ साली तो टपालाच्या तिकिटावर झळकला; पुण्यात आणि मुंबईत वरळीच्या समुद्रकिनाऱ्याजवळ त्याचे पुतळे उभारण्यात आले. पुतळे सहसा राजांचे व पुढाऱ्यांचे असतात. येथे मात्र रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला हा मान लाभला.

दिवसभर वर्तमानपत्राचे काम करणारा हा चित्रकार मोकळा वेळ मिळाला की काय काढत असे? कावळे! म्हैसूरच्या खिडकीतील कावळे त्याच्याबरोबर मुंबईस आले होते. बसलेले कावळे, उडणारे कावळे, एकमेकांकडे डोकावणारे कावळे, एकटे कावळे आणि कावळ्यांच्या सभा. व्यंगचित्रांइतकीच ही चित्रेही रसिकांच्या कौतुकाचा विषय झाली. २००३ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्या आजारातून ते काही अंशी सावरले. २६ जानेवारी २०१५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि पद्मविभूषण यांसारखे मोठे सन्मान त्यांना मिळाले होते. पण छपरावरील कावळ्याशी जडलेली त्यांची मैत्री त्या सन्मानांहून कितीतरी जुनी होती.

हकीकत सांगून बाई थांबल्या. मग त्यांनी मुलांना विचारले, “कावळ्याविषयी तुम्हांला काय काय ठाऊक आहे? सांगा पाहू.”

हात भराभर वर झाले. कोणी म्हणाले, “कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे.” कोणी तहानलेल्या कावळ्याची आठवण काढली. “कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ,” अशी म्हण एकाने सांगितली. “कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही,” दुसऱ्याने भर घातली. “श्राद्धाच्या दिवशी आजोबांसाठी कावळ्याला घास ठेवतात,” एक मुलगी म्हणाली. “कावळा ओरडला की पाहुणे येतात!” “शनिदेवाच्या तसबिरीत कावळा असतो!” फळ्याची अर्धी बाजू भरून गेली.

“पाहिलेत?” बाई म्हणाल्या. “ज्या पक्ष्याला तुम्ही हसलात, त्याच्याविषयी लोकांनी किती गोष्टी जपून ठेवल्या आहेत! लहानपणी आई भरवते तेव्हा पहिले घास काऊचे आणि चिऊचे. पंचतंत्राचे तिसरे तंत्र कावळे आणि घुबडे यांच्या वैराचेच आहे. त्याच ग्रंथात पिले खाणाऱ्या सापाचा नाश करण्यासाठी सोन्याचा हार पळविणारी कावळीण आहे. ज्ञानेश्वरांच्या एका प्रसिद्ध विराणीत विठ्ठलाच्या आगमनाचा शकुन कावळ्यालाच विचारला आहे. लोकांनी या पक्ष्याला कधी मूर्ख ठरविले, कधी धूर्त. कधी त्याला हाकलले, तर कधी पूर्वज म्हणून हात जोडून बोलाविले. ही सारी शिदोरी आपल्याला फुकट मिळालेली आहे. पण चित्रकाराने केवळ तिच्यावर विसंबून चालत नाही. गोष्टीतला कावळा सर्वांना पाठ असतो. खिडकीतला कावळा मात्र ज्याचा त्याला पाहावा लागतो.”

“बाई, पण लक्ष्मण यांच्या कावळ्यांना पाहून हसू का येते?” एकाने विचारले.

“छान प्रश्न विचारलास! चला, उत्तर शोधू या.”

बाईंनी मुलांना खिडक्यांपाशी बोलाविले. बाहेर आंब्याच्या फांदीवर आणि कुंपणाच्या भिंतीवर मिळून चार-पाच कावळे होते. “आता पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही. नुसते पाहायचे,” बाई म्हणाल्या.

प्रथम मुलांना काही विशेष दिसले नाही. मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. कावळा सर्वांगी काळा नव्हता. त्याची मान आणि छाती राखाडी होती आणि उन्हात पंखांवर निळी-जांभळी झाक चमकत होती. तो दुरून येणाऱ्या वस्तूकडे समोरून न पाहता मान वाकडी करून पाहत होता, कारण त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. आपल्याला ती मान वाकडी करण्याची तऱ्हा एखाद्या चौकस गृहस्थासारखी वाटते. भिंतीवरून तो कधी डुलत चाले, तर कधी तिरक्या उड्या मारी. एका कावळ्याला पोळीचा तुकडा सापडला. तेव्हा त्याने आधी इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि मगच तो उचलला. ते पाहून सगळी मुले खुदकन हसली.

“आता कळले?” बाई म्हणाल्या. “कावळ्याच्या डोक्यावर टोपी घातली तरच चित्र गमतीदार होते असे नाही. त्याच्या चालीत, वळणाऱ्या मानेत, उचललेल्या खांद्यांत आपल्याला आपलीच ओळख पटते आणि हसू येते. ती नेमकी रेघ सापडली पाहिजे. एक रेघ चुकली तर कावळ्याचा पारवा होतो! म्हणून आधी पुष्कळ पाहावे, मग थोडेसे काढावे.”

त्यांनी कावळ्याविषयी आणखी काही माहिती सांगितली. आपल्या घराभोवती दिसतो तो गावकावळा. सर्वांगी काळा आणि जाड चोचीचा असतो तो डोमकावळा. शहरातील कावळा काटक्यांबरोबर लोखंडी तारांचे तुकडेही घरट्यात विणतो. धूर्त म्हणून त्याची ख्याती आहे खरी. पण कोकिळा त्याच्याच घरट्यात अंडी घालते आणि तो तिची पिले आपली समजून वाढवितो. अमेरिकेतील शास्त्रज्ञांना प्रयोगांवरून असे आढळले, की तेथील कावळे माणसांचे चेहरे ओळखतात आणि त्रास देणाऱ्याला कित्येक वर्षे विसरत नाहीत. इंग्लंडमध्ये २००९ साली कावळ्याच्या जातीतील रूक नावाच्या पक्ष्यांपुढे पाण्याची नळी ठेवली होती. पाण्यावर एक अळी तरंगत होती. पण चोच तेथवर पोहोचत नव्हती. तेव्हा त्या पक्ष्यांनी नळीत एकेक खडा टाकून पाणी वर आणले! तहानलेल्या कावळ्याची गोष्ट अगदीच कल्पित नव्हती, असे म्हणावयास हरकत नाही.

उत्तनची मुलगी आपल्या जागी परत गेली. तिने पुन्हा कागद पुढे ओढला. मघाशी “कावळा, कावळा” म्हणून ओरडणारा मुलगा तिच्या बाकाजवळ घुटमळत होता. अखेर तो म्हणाला, “तुझ्या कावळ्याची मान बरोबर जमली आहे. माझा मोर मी पुस्तकातून पाहून काढला होता.”

“तू चुकून त्याला मोठ्याने हसलास, म्हणून तो उडून गेला नाही, हे नशीब,” बाई हसत म्हणाल्या आणि सगळ्यांबरोबर तो मुलगाही हसला.

मुलगी विचारात पडली होती. “बाई,” ती म्हणाली, “कागदाच्या या बाजूला थोडी जागा आहे. इथे आजीला काढू का? काठीसकट?”

“काढ की! पण तिला नीट पाहिले आहेस ना?”

मुलगी गप्प राहिली. आजी रोज डोळ्यांपुढे होती. तरी काठी ती कोणत्या हातात धरते, पदर कसा खोचते, उन्हात डोळे कसे बारीक करते, हे तिला नेमके आठवेना. तिने पेन्सिल खाली ठेवली.

“आज नको, बाई,” ती म्हणाली. “आज घरी जाऊन पाहते. उद्या काढते.”

बाईंनी मान डोलविली. त्या दिवशी फळ्याशेजारच्या पाटीवर मोर, पोपट आणि राजहंस यांच्या रांगेत एक अर्धे चित्र लावले गेले. त्यात कावळा होता, बोंबील होते आणि एका बाजूला कोरी जागा होती. त्या कोऱ्या जागेकडे कावळा टक लावून पाहत होता.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली तेव्हा तिच्या वहीच्या मागच्या पानांवर आजीची सात रेखाटने होती. सातव्या चित्रात आजी पाठमोरी वळली होती. आणि तिच्या मागे, दोरीवरचा एक बोंबील नाहीसा झाला होता.

स्वाध्याय

१. मुलीने आपला कागद उलटा का केला? बाईंनी तो सरळ करून तिला कोणता प्रश्न विचारला?
२. लक्ष्मण यांना चित्रकलेची गोडी कशी लागली? पिंपळाच्या पानाचा प्रसंग तुमच्या शब्दांत लिहा.
३. कलाशाळेकडे पाठविलेल्या चित्रांत लक्ष्मण यांनी काय काय काढले होते? त्यांना कोणते उत्तर मिळाले?
४. ‘गोष्टीतला कावळा सर्वांना पाठ असतो, खिडकीतला कावळा मात्र ज्याचा त्याला पाहावा लागतो.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. सामान्य माणूस आणि कावळा या दोहोंकडे लक्ष्मण यांचे लक्ष का गेले असावे? तुमचे मत लिहा.
६. ‘आज नको, बाई’ असे मुलगी का म्हणाली?
७. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा: उसंत नसणे, चेहरा उतरणे, टक लावून पाहणे, मनात रुजणे.
८. घराच्या खिडकीतून किंवा गॅलरीतून एखादा पक्षी दहा मिनिटे पाहा. तो काय काय करतो ते दहा ओळींत लिहा आणि त्याचे चित्र काढा.